देवस्थान ट्रस्टसाठी वकिलाकडे पहिल्यांदा जाताय? आधी पीटीआर काढा

आमच्याकडे काय होतं, घरातलं मोठं माणूस गेलं की तेराव्याला पंगत उठायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "आता नानांच्या जागी मंदिराचं तूच पाह्य भो." आपण मान हलवतो. मग दानपेटीची किल्ली, दोन पावतीपुस्तकं आणि वह्यांनी भरलेली एक कापडी पिशवी आपल्या घरी येते आणि आपल्याला वाटतं झालो आपण विश्वस्त. मला पण तसंच वाटलं होतं. यात्रेच्या आधी पैसे काढायला बँकेत गेलो तर मॅनेजर म्हणे पीटीआरची नक्कल आणा, चेंज रिपोर्टची ऑर्डर आणा, तोवर सही बदलत नाही. पीटीआर म्हणजे धर्मादाय ऑफिसातलं ट्रस्टच्या नोंदीचं रजिस्टर, आणि चेंज रिपोर्ट म्हणजे विश्वस्त वगैरे बदलले की त्या ऑफिसला द्यायचा अर्ज, हे मला नंतर कळलं. खात्यावर दोन सह्या लागायच्या, त्यातली एक नानांची, म्हणजे खातं अडकलं.

मग काय, वकील करू. क्रुझर ठरवली, सात जण बसलो, जळगाव. वकीलसाहेबांनी पाऊण तास शांतपणे ऐकून घेतलं, मागच्या साली बारागाड्या ओढायच्या दिवशी कोणाचा मान डावलला, सभामंडपाच्या स्लॅबचा हिशोब कोणी दिला नाही, कोण कोणाच्या घरी पाणी पीत नाही, सगळं. शेवटी विचारलं, "पीटीआरचा उतारा आणला का?" आमच्यातल्या एका काकांनी मोठ्या विश्वासाने सातबारा काढून टेबलावर ठेवला. साहेब हसले असते तर बरं वाटलं असतं, ते हसले पण नाहीत. येताना भरीत-भाकरी खाल्ली, तेवढाच त्या दिवसाचा फायदा.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा पंचवीस मिनिटांत काम समजलं. मधल्या काळात काय केलं ते इथे लिहितोय, कारण खानदेशात प्रत्येक गावाला एक मंदिर आणि प्रत्येक मंदिराला असली एक पिशवी आहेच.

सगळ्यात आधी आपलं प्रकरण कुठल्या खात्यातलं ते बघा. मंदिर, धर्मशाळा, गोशाळा, वाचनालय असं सार्वजनिक काही असेल तर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागतो, पूर्वी त्याच्या नावात मुंबई होतं आता महाराष्ट्र आहे, जुन्या कागदांवर बीपीटी ॲक्ट दिसेल तो हाच. याचं ऑफिस म्हणजे सहाय्यक नाहीतर उप धर्मादाय आयुक्त, जळगाववाल्यांना जळगावला, धुळेवाल्यांना धुळ्याला, आणि मोठी कामं नाशिकच्या सह धर्मादाय आयुक्तांकडे जातात. दर्गा किंवा मशिदीचं असेल तर वक्फ मंडळ. आणि आजोबांनी फक्त नातवंडांसाठी घरातल्या घरात ट्रस्ट केला असेल तर तो खाजगी, त्याला १८८२ चा कायदा, धर्मादाय ऑफिसचा तिथे संबंध नाही. शिक्षण संस्था असेल तर ट्रस्टचा नोंदणी नंबर बहुतेक एफ ने सुरू होतो आणि सोसायटीचं वेगळं रजिस्ट्रेशन पण असतं, दोन्ही सर्टिफिकेट शोधा. हिंदू देवस्थानाचा नंबर ए ने सुरू होतो. तो नंबर कुठे सापडेल? जुन्या पावतीपुस्तकावर, मंदिरातल्या बोर्डवर, लेटरहेडवर. आमचा सापडला स्टीलच्या घागरीवर, कोणीतरी देणगी दिलेली, त्यावर ट्रस्टच्या नावासकट नंबर कोरलेला.

नंबर सापडला की धर्मादाय ऑफिसला नकलेचा अर्ज करा, कोर्ट फी स्टॅम्प लावून, आणि पीटीआरची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. झेरॉक्सची झेरॉक्स घरात असेल तर ती कामाची नाही, कारण त्यानंतर काही नोंद झाली असेल तर ती तिच्यात नसते. नक्कल वकील पण काढून देतो, पण त्यासाठी एक चक्कर आणि काही दिवस जातात, ते काम आधीच केलेलं बरं. मी म्हणेन नक्कल हातात नसेल तर वकिलाची वेळच घेऊ नका.

आता ही नक्कल घरी बसून नीट वाचा, चहा घेऊन, घाई न करता. यात ट्रस्टचं नाव, विश्वस्तांची नावं, उद्देश, जंगम मालमत्ता, स्थावर मालमत्ता, उत्पन्न-खर्च असं सगळं रकान्यांत असतं. पण तुमच्या कामाचा खरा रकाना वेगळाच, एका विश्वस्तानंतर दुसरा विश्वस्त कसा यायचा याची पद्धत. तिथे वंशपरंपरागत लिहिलंय, का उरलेल्या विश्वस्तांनी नेमायचं असं आहे, का गावकऱ्यांच्या सभेतून निवड, का पाच वर्षांची मुदत. आमच्याकडे मी पिढीजात समजत होतो आणि तिथे लिहिलेलं होतं गावसभेतून. म्हणजे नाना गेले म्हणून मी आपोआप कोणीच झालो नव्हतो, फक्त पिशवी माझ्याकडे होती. हे वकिलाच्या तोंडून सात लोकांसमोर ऐकण्यापेक्षा घरी वाचलेलं चांगलं. नियमावली, घटना किंवा ऑफिसने मंजूर केलेली स्कीम, म्हणजे ट्रस्ट कसा चालवायचा याची योजना, असेल तर ती पण काढा, कारण पद्धत कधीकधी पीटीआरवर एका ओळीत असते आणि खरी भानगड स्कीममध्ये असते.

इथून पुढे जे सांगतो तेवढं एक केलं तरी अर्धं काम झालं. पीटीआरवर शेवटची मंजूर नावं कोणाची आहेत ते एका कागदावर वर लिहा. प्रत्येक नावापुढे हयात का मयत, मयत असेल तर तारीख. मग तिथून आजपर्यंत कोण आलं कोण गेलं ते वर्षाप्रमाणे खाली खाली लिहीत या. समजा पीटीआरवर पाच नावं आहेत, २००४ ला दोन वारले, त्यांच्या जागी दोन घेतले, २०११ ला एकाने राजीनामा दिला, मागच्या साली अध्यक्ष गेले. प्रत्येक बदलासमोर तीन गोष्टी लिहा: मीटिंग झाली का, ठराव लिहिला का, चेंज रिपोर्ट दिला का. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक गावांत उत्तर "माहीत नाही" असतं, तसं असेल तर माहीत नाही असंच लिहा, उगाच "दिला असेल" लिहू नका.

कारण कायद्याच्या कलम २२ प्रमाणे कोणताही बदल झाल्यापासून ९० दिवसांत कळवायचा असतो. आपल्याकडे वीस-वीस वर्षं कळवत नाहीत, मंदिर चालू असतं, आरती होते, भंडारा होतो, कोणाला काही वाटत नाही. मग एक दिवस कागद काढला की दिसतं, रेकॉर्डवरचे पाचही जण देवाघरी. आमचं जवळपास तसंच होतं, एक आबा तेवढे राहिले होते, त्यांना कमी ऐकू येतं पण सही ठणठणीत. अशा वेळी राहिलेले बदल एकामागोमाग उशीर माफीच्या अर्जासकट दाखल करायचे, का कलम ४७ खाली नवीन विश्वस्त नेमायचा अर्ज करायचा, का कलम ५० ए खाली नवी स्कीम मागायची, हे वकील ठरवतो, आणि ते तो तुमच्या त्या एका कागदावरूनच ठरवतो. रेकॉर्डवरचा एखादा माणूस हयात असेल, मग तो पुण्याला मुलाकडे राहत असला तरी, त्याचा फोन नंबर त्या कागदावर हवाच. आणि तुमच्या माणसाला जाऊन ९० दिवस व्हायचे असतील तर त्या तारखेला लाल पेनाने गोल करा, वकिलाला पहिलं वाक्य तेच सांगा, बाकी रामायण नंतर.

एक घोळ जो आमच्या काकांनी केला आणि जवळपास सगळेच करतात. तलाठ्याकडे फेरफार होतो तो जमिनीच्या सातबाऱ्यावरचा. धर्मादाय ऑफिसच्या चेंज रिपोर्टला पण लोक फेरफारच म्हणतात. दोन्ही वेगळे, एक झाला म्हणून दुसरा होत नाही. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले पण गावात तलाठी आप्पाच म्हणतात, त्यांनी "फेरफार झाला" सांगितलं म्हणून कोणी निवांत बसू नका, कुठला फेरफार ते विचारा.

जमिनीवर आलोच आहे तर. देवाच्या नावावरच्या प्रत्येक गटाचा ताजा सातबारा आणि आठ अ काढा, आणि पीटीआरच्या स्थावर मालमत्तेच्या रकान्याशी जुळवा. जुन्या सर्व्हे नंबरचा गट नंबर झालाय, क्षेत्र जुळत नाही, गावठाणातली धर्मशाळा पीटीआरवर आहे पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीला, पुजाऱ्याच्या आजोबांचं नाव, असलं काहीतरी निघतंच. देवस्थान इनाम वर्ग ३ (म्हणजे देवाला इनाम मिळालेली जमीन) असा शेरा दिसला तर त्याच्यावर मार्करने खूण करा. वहिवाटदार म्हणून कोणाचं नाव आहे, प्रत्यक्षात केळी कोण लावतंय, खंड किती, तो रोख येतो का खात्यात येतो, करार लेखी आहे का, हे सगळं लिहून न्या. आमच्या अडीच एकरात वर्षानुवर्षं एकच घर कपाशी लावतंय आणि खंड म्हणून यात्रेला एक पोतं साखर देतं, हे मला सांगायला लाज वाटत होती पण सांगितलं. बरं केलं, कारण कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची जमीन विकायची, बक्षीस द्यायची, बदलायची तर आधी परवानगी लागते, आणि शेतजमीन १० वर्षांच्या वर नाहीतर बिगरशेती जागा, इमारत ३ वर्षांच्या वर भाड्याने द्यायची तरी लागते. गावात कोणी आधीच "शंभर रुपयाच्या स्टॅम्पवर" काही लिहून दिलं असेल तर तो स्टॅम्प शोधा. तो आपल्या विरोधात जाईल म्हणून लपवायचा मोह होतो, पण तो समोरच्याकडे असतोच, मग वकिलाला तारखेच्या दिवशी कळतं आणि तुमचं तोंड पाहण्यासारखं होतं.

दागिने. यावर कोणी बोलत नाही आणि भांडणं यावरच होतात. देवीचा मुकुट, छत्री, पादुका, नवसाचे डोळे-पाळणे. पीटीआरवर आमच्या मुकुटाचं वजन भार या जुन्या मापात लिहिलेलं, आणि तो कोणाच्या घरी असतो हे तीन जणांनी तीन वेगळं सांगितलं. चार माणसांसमोर, त्यात एक दुसऱ्या गटाचा माणूस मुद्दाम घेऊन, सगळं बाहेर काढा, सोनाराला बोलवून वजन करा, काट्यावरचा आकडा दिसेल असा फोटो काढा, यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. आबा म्हणत होते देवाचं कोणी वजन करतं का. मी म्हटलं आबा, पीटीआरमध्ये वजन लिहिलंय ते कोणीतरी कधीतरी केलंच होतं ना.

पैशाचे कागद जास्त सांगत नाही, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, पासबुक, एफडीच्या पावत्या, पावतीपुस्तकांची स्थळप्रत. ऑडिट वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत व्हायला पाहिजे, झालं नसेल तर कुठल्या सालापासून नाही ते सांगा. इन्कमटॅक्सच्या सवलतीसाठी १२ए, ८०जी ची नोंदणी कधी घेतली असेल तर ते सर्टिफिकेट ठेवा, २०२१ नंतर जुन्यांना पण परत नोंदणी करावी लागली होती, ती झाली का हे सीएला एक फोन करून विचारा. मात्र एक गोष्ट घरीच तपासा, पॅनकार्ड. ट्रस्टच्या पॅनमध्ये चौथं अक्षर टी असतं, माणसाच्या पॅनमध्ये पी. आमच्या मंदिराच्या एका एफडीला पी वालं पॅन लावलेलं निघालं, म्हणजे कोणाचं तरी स्वतःचं, कोणाचं ते सांगत नाही, माणूस गेला आता, आणि खाल्लं काहीच नव्हतं त्याने, फक्त त्या वेळी ट्रस्टचं पॅन नव्हतं म्हणून आपलं लावलं. पण वकिलाला आणि सीएला हे पहिल्या दिवशी माहीत पाहिजे. जुन्या एफडीकडे दहा वर्षं कोणी पाहिलं नसेल तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या फंडात गेलेली असते, बुडत नाही, बँकेमार्फत परत मागता येते, पण मागणार कोण, ज्याचं नाव पीटीआरवर आहे तो. बघा, फिरून गाडी तिथेच येते.

जीर्णोद्धारासाठी कोणाकडून हातउसने घेतले असतील तर तेही लिहा. ट्रस्टसाठी कर्ज काढायला आधी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, हे गावात कोणालाच माहीत नसतं, सिमेंटवाल्याची उधारी चढत जाते आणि मग कोणीतरी आपल्या खिशातून देतं आणि नंतर तेच भांडणाचं मूळ होतं. तसंच देवाचे पैसे पतसंस्थेत ठेवलेत का. जास्त व्याजाच्या नादात आपल्या भागात पतसंस्थांनी किती जणांना रडवलं ते खानदेशातल्या माणसाला सांगायला नको, आणि ट्रस्टचा पैसा कुठे ठेवायचा हे कलम ३५ मध्ये ठरवून दिलंय, त्यात गल्लीतली पतसंस्था बसत नाही.

एवढं झालं की एक पान लिहा. एकच. वर ट्रस्टचं नाव नंबर, खाली ती नावांची साखळी, खाली मालमत्ता चार ओळीत, खाली आता नेमकं अडलंय काय ते दोन ओळीत. "बँक खातं चालू करायचंय आणि नवीन विश्वस्तांची नावं लावायचीत" असं. "समोरच्या पार्टीला धडा शिकवायचाय" हे काम नाही, ते मनात ठेवा. प्रोसिडिंग बुक, म्हणजे मीटिंगच्या ठरावांची वही, मात्र आहे तसं न्या. आता बसून मागच्या तारखेचे ठराव लिहू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. एकाच पेनाने एका बैठकीत लिहिलेले दहा वर्षांचे ठराव शाळेतल्या पोराला पण ओळखू येतात, आणि ते बनावट कागद होतात, उशिरापेक्षा मोठं लफडं. ठराव नसेल तर नाही म्हणून सांगा, त्यावर मार्ग निघतो.

वकील कसा निवडायचा तर धर्मादाय ऑफिसला नेहमी उभा राहणारा बघा. खुनाच्या केस जिंकणारा मोठा वकील इथे चालेलच असं नाही, हे काम वेगळं आहे. फोनवरच विचारून घ्या की आमच्या ट्रस्टचं किंवा समोरच्या गटाचं काम साहेबांकडे आधी आहे का. तालुक्याच्या गावात सगळे सगळ्यांचे पाहुणे, ज्यांच्यासमोर आपण मन मोकळं करतोय ते समोरच्याचे साडू निघाले तर काय घ्या. आणि हा वकील ट्रस्टचा का तुमचा, हे पहिल्या भेटीतच स्पष्ट करा. ट्रस्टचं काम असेल तर फी ट्रस्टच्या पैशातून, ठराव करून. पण मी विश्वस्त का तू, असलं भांडण असेल तर फी आपल्या खिशातून, दानपेटीतून नाही. आमच्याकडे यावरून एक जण रुसून क्रुझरमधून उतरला होता, पाळधीला.

जाताना दोघं किंवा तिघं जा. एक रेकॉर्डवरचा हयात विश्वस्त, एक ज्याला हिशोब माहीत आहे तो, एक तुम्ही. जास्त माणसं नेली की प्रत्येकाला बोलायचं असतं, आणि वकिलाकडे बोललेलं संध्याकाळी पारावर येतं. मे महिन्यात जात असाल तर सकाळची वेळ मागा, जळगावच्या उन्हात दुपारी कोणाचंच डोकं चालत नाही, वकिलाचं पण.

वकिलाला काय विचारायचं, तर फी पूर्ण कामाची का तारखेची, त्यात टायपिंग, नकला, पेपरात नोटीस द्यायची वेळ आली तर तिचा खर्च धरलाय का. स्वतः उभे राहणार का ज्युनिअर. हरकत आली तर काय आणि नाही आली तर काय, दोन्हीचा अंदाज. ऑर्डर विरोधात गेली तर अपिलाला ६० दिवस असतात, तेव्हा ऑर्डरची नक्कल मला कोण देणार. ऑर्डर होईपर्यंत मी काय करायचं आणि काय नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात्रा थांबत नाही. आम्हाला सांगितलं की तोवर नवीन काही करू नका, रोजचा खर्च आबांच्या सहीने व्हाउचर लावून करा, दानपेटी पंचांसमोर उघडा आणि मोजून त्याच दिवशी खात्यात भरा, भरायला सही लागत नाही. ही शेवटची गोष्ट एवढी साधी होती की आपल्याला का सुचली नाही असं झालं, तीन महिने पैसे कपाटात ठेवून मी रात्री झोपत नव्हतो.

वकीलपत्रावर सही करताना ट्रस्टचं नाव आणि नंबर वाचून करा, कोऱ्या कागदावर सही नाही, साहेब कितीही ओळखीचे असले तरी, आणि चांगला वकील मागत पण नाही. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्सचे दोन सेट न्या, मूळ दाखवून परत पिशवीत. एखादं मूळ ठेवावंच लागलं तर त्यांच्या क्लार्ककडून साध्या कागदावर का होईना लिहून घ्या, काय घेतलं, कोणत्या तारखेला. आमचं जुनं प्रोसिडिंग बुक असंच एका ऑफिसात राहिलं होतं नानांच्या काळात, ते वकील वारले, ऑफिस बंद झालं, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. त्या बुकातले ठराव असते तर मला हे इतकं लिहावं लागलं नसतं.